युक्तिवाद पारखावा कसा? तर्कदोष ओळखायला शिकणाऱ्यांसाठी

आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, शेतात बोअर घेण्याचे ठरवले तेव्हा जागा दाखवायला शेजारच्या गावातून एक पाणाडी आले होते. त्यांनी उजव्या तळहातावर नारळ आडवा ठेवला, शेंडी बोटांच्या दिशेला केली आणि ते बांधाच्या कडेने सावकाश चालू लागले. करंजाच्या झाडाजवळ आल्यावर आडवा नारळ हळूहळू उभा राहिला. तात्यांनी तिथे चुन्याची फुली मारली, दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली आणि रात्री उशिरा दगडाच्या कोरड्या भुकटीच्या जागी आधी चिखल आणि मग पाणी उसळले. तेव्हापासून घरात एक वाक्य कायमचे झाले: "त्यांच्या हाताला गुण आहे, नाहीतर पाणी लागले कसे?"

हे बोलणारी माणसे खोटे बोलत नव्हती, कारण पाणी खरोखरच लागले होते. तरीही या वाक्यातला तर्क सदोष आहे, आणि तो नेमका कुठे चुकतो हे शब्दांत सांगता यायला मला बरीच वर्षे लागली. ज्यांना असे दोष ओळखायला शिकायचे आहे त्यांच्यासाठी, मला उपयोगी पडलेल्या पायऱ्या इथे क्रमाने मांडतो.

दिलेल्या कारणावरून निष्कर्ष निघत नसताना तो निघतो असे भासणे, याला तर्कदोष म्हणतात. आपल्याकडच्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्क आणि प्रमाणे यांचा विचार करणाऱ्या प्राचीन दर्शनात, त्याला हेत्वाभास असा नेमका शब्द आहे: हेतूसारखा, म्हणजे खऱ्या कारणासारखा, दिसतो खरा, पण हेतू नसतो. सुरुवातीलाच दोषांच्या नावांच्या लांबलचक याद्या पाठ करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नावे तोंडपाठ झालेला माणूस समोरच्याच्या बोलण्यावर शिक्के मारत सुटतो आणि कारण व निष्कर्ष यांच्यातला सांधा तपासायचे काम तसेच राहून जाते.

पहिली पायरी: युक्तिवाद वहीत उतरवा

ऐकलेला युक्तिवाद जसाच्या तसा डोक्यात ठेवून तपासता येत नाही. तो कागदावर तीन ओळींत मांडावा: दावा काय आहे, त्याला कारण काय दिले आहे आणि त्या दोहोंना जोडणारे, पण कुणी उघड न बोललेले, गृहीतक कोणते आहे. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांनी अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथे अग्नी आहे. यातला "जिथे धूर तिथे अग्नी" हा नियम, म्हणजे व्याप्ती, सगळ्या अनुमानाचा भार वाहत असतो, आणि रोजच्या बोलण्यात नेमका हाच भाग गाळला जातो.

आमच्या घरातले वाक्य असे मांडले तर गाळलेला नियम असा निघतो: "सांगितलेल्या जागी पाणी लागले, तर सांगणाऱ्याला ते आधीच कळलेले असते." एवढे लिहून काढले तरी प्रश्न आपोआप उभा राहतो. न सांगता, डोळे मिटून निवडलेल्या जागी पाणी लागत नाही का?

याच पायरीवर नियमाची दिशाही पाहून घ्यावी. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर ओळखता येत नाही. तापवून लाल केलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो, हे उदाहरण नैयायिकांनीच, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनीच, देऊन ठेवले आहे. वीज गेली की पंखा बंद पडतो हे खरे असले, तरी पंखा बंद आहे म्हणून वीज गेली असे म्हणता येत नाही. कपॅसिटरही गेलेला असू शकतो. उलट दिशेने चालवलेला नियम ही नवशिक्यांना सर्वांत जास्त चकवणारी चूक आहे, कारण दोन्ही वाक्यांतले शब्द तेच असतात.

दुसरी पायरी: कारण विषयाबद्दल आहे की माणसाबद्दल, ते पाहा

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण" ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्या आड एक तर्कदोष लपतो हे ध्यानातच येत नाही. तंबाखू खाणाऱ्या डॉक्टरांनी "तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो" असे सांगितले, तर त्यांच्या वागण्यात विसंगती आहे हे खरे, पण त्यांचे विधान त्यामुळे खोटे ठरत नाही. सोसायटीच्या बैठकीत कुणी हिशेबातली तूट दाखवली आणि त्याला "तुम्ही स्वतः दोन महिन्यांचा मेंटेनन्स थकवलाय" असे उत्तर मिळाले, तरी तूट जागच्या जागीच असते. "तेव्हा तुम्ही कुठे होता?" हा प्रश्नही त्याच जातीचा.

याला एक अपवाद आहे आणि तो सांभाळायला हवा. जेव्हा एखाद्या गोष्टीचा पुरावा म्हणजे केवळ त्या माणसाचा शब्द असतो, तेव्हा त्याचा खरेपणा आणि त्याचे हितसंबंध विचारणे रास्तच आहे. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानले आहे, पण आप्ताचा, म्हणजे विषय प्रत्यक्ष जाणणाऱ्या आणि तो जसा आहे तसा सांगू इच्छिणाऱ्या माणसाचा शब्द. आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू होते, असे न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी स्पष्ट लिहिले आहे. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. जात, पदवी, वय किंवा प्रसिद्धी यांना त्यात जागा नाही. हृदयरोगतज्ज्ञाचे हृदयाविषयीचे मत वजनदार असते. तेच मत शेअर बाजाराविषयी असेल, तर ते एका सुशिक्षित माणसाचे मत एवढेच राहते.

तिसरी पायरी: शब्दाचा अर्थ मध्येच बदलला का, ते पाहा

शब्दाचा अर्थ वळवून प्रतिपक्षाला अडवण्याला न्यायसूत्रांत छल म्हटले आहे. वात्स्यायनांचे उदाहरण "नवकंबल" या शब्दाचे आहे: बोलणाऱ्याला नवी घोंगडी असलेला मुलगा अभिप्रेत असतो आणि ऐकणारा "याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत?" म्हणून भांडतो.

आजच्या बाजारातला छल अधिक शांतपणे होतो. गुऱ्हाळात रस उकळताना गुळाला पिवळा उजळ रंग यावा म्हणून हायड्रॉस हे रसायन वापरण्याची पद्धत आहे. ते न वापरलेला, गडद रंगाचा गूळ "रसायनमुक्त" म्हणून विकला जातो. इथवर शब्दाचा अर्थ स्पष्ट आणि उपयुक्त आहे. मग कुणीतरी म्हणते, "रसायनमुक्त म्हणजे नैसर्गिक, नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, तेव्हा मधुमेह असला तरी खायला हरकत नाही." तीन पावलांत "हायड्रॉस नसलेला" याचा अर्थ "साखर न वाढवणारा" असा झाला. गूळ कोणत्याही रंगाचा असो, त्यात मुख्यतः सुक्रोज, म्हणजे साखरच असते. असा युक्तिवाद समोर आला की ज्या शब्दावर तो उभा आहे त्याला अधोरेखित करावे आणि तो शब्द जिथे जिथे येतो तिथे त्याच्या जागी त्याचा पूर्ण अर्थ लिहून पाहावा. अर्थ सांधत नसेल तर वाक्य तिथेच अडखळते.

समोरच्याचे म्हणणे वाकडे करून मग ते खोडणे, हाही याच घरातला दोष आहे. "शाळेत मोबाइलवर थोडे बंधन हवे" असे म्हणणाऱ्याला "म्हणजे मुलांना अश्मयुगात न्यायचे का?" असे विचारले जाते. त्यावर उपाय एकच: उत्तर देण्याआधी त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आपण स्वतः सांगावे.

चौथी पायरी: शितावरून भाताची परीक्षा केव्हा चालते?

ही म्हण खरी आहे, पण तिच्यामागची अट आपण विसरतो. एक शीत दाबून भात शिजला की नाही हे कळते, कारण सगळे तांदूळ एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात आणि जवळजवळ सारख्या आचेवर असतात. चुलीवर मोठे पातेले एका बाजूने जळत असेल, तर अनुभवी स्वयंपाकीण मधले आणि कडेचे अशी दोन्ही शिते दाबून पाहते. नमुन्यावरून सर्वांबद्दल बोलण्याआधी नेमका हाच प्रश्न विचारायचा: हे शीत पातेल्याच्या कोणत्या भागातले?

नमुना मोठा असला म्हणजे काम भागते, अशीही समजूत असते. अमेरिकेत १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी मतांचा कौल घेतला. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांवरून लँडन जिंकणार असे जाहीर झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदी यांतून घेतलेले होते, म्हणजे मंदीच्या काळात त्यातल्या त्यात सुस्थितीत असलेल्यांचे. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी कुणी घेतली यानेही कल बदलला. पातेल्याच्या एकाच कडेची वीस लाख शिते दाबली तरी मधला भात कळत नाही.

पाचवी पायरी: कावळा आणि फांदी

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो; संस्कृतात काकतालीय न्याय आहे. भाषेला हा दोष इतका चांगला ठाऊक असूनही व्यवहारात तो सर्वांत जास्त होतो: आधी अमुक घडले, मग तमुक घडले, म्हणून अमुकामुळे तमुक घडले.

याची किंमत किती मोठी असू शकते हे सांगणारे एक प्रकरण आहे. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा १२ मुलांवरचा एक निबंध आला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरची एकत्रित लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध असावा, अशी भीती त्यातून पसरली. पहिली लस साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या वयात दिली जाते, आणि स्वमग्नतेची लक्षणे पालकांच्या लक्षात येऊ लागतात तेही जवळपास त्याच वयात. लस घेतलेल्या असंख्य मुलांपैकी काहींमध्ये ही लक्षणे लसीनंतर लवकरच दिसणार हे ठरलेलेच होते. लस न देताही ती दिसलीच असती. 'लॅन्सेट'ने तो निबंध २०१० साली मागे घेतला, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या अभ्यासात लस घेतलेल्यांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण जास्त आढळले नाही. दरम्यान अनेक पालकांनी मुलांना लस दिली नाही आणि गोवराच्या साथी पुन्हा आल्या. ज्या आईने "लसीनंतरच हे सुरू झाले" असे सांगितले तिने डोळ्यांनी पाहिलेलेच सांगितले होते, म्हणून तिला मूर्ख ठरवणे मला अन्यायाचे वाटते. चूक "नंतर" आणि "मुळे" या दोन शब्दांतले अंतर न पाहण्यात होती.

म्हणून या पायरीवर तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. हे कारण नसते तरी परिणाम दिसला असता का? दोन्हींच्या मागे तिसरे कारण आहे का? आणि बाण उलट दिशेने तर जात नाही ना? यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अगदी टोकाची स्थिती बहुधा आपोआप मध्याकडे सरकते. माणूस ताप सर्वांत चढलेला असताना औषध बदलतो, आणि मुलाला सर्वांत कमी गुण मिळाले की शिकवणी बदलतो. पुढची सुधारणा मग नव्या उपायाच्या खात्यावर जमा होते.

सहावी पायरी: चारही घरे भरा

सगळ्या पायऱ्यांत मला हीच सर्वांत उपयोगी वाटते, त्यामुळे इथे थोडे थांबू. कागदावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारून चार घरे करावीत. पाणाडी यांच्या बाबतीत ती अशी होतात: नारळ उभा राहिला आणि पाणी लागले, नारळ उभा राहिला आणि पाणी लागले नाही, नारळाशिवाय जागा निवडली आणि पाणी लागले, नारळाशिवाय निवडली आणि पाणी लागले नाही. गावात ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या जवळजवळ सगळ्या पहिल्या घरातल्या असतात. कोरडा गेलेला बोअर ही कुणी पारावर बसून सांगायची गोष्ट नसते. ते कर्ज असते आणि ते मुकाट्याने फेडले जाते.

समजा, नारळाने दाखवलेल्या दहा जागांपैकी सात जागी पाणी लागले. आकडा भरघोस वाटतो. पण त्याच शिवारात नारळाशिवाय घेतलेल्या दहा बोअरपैकीही सातांना पाणी लागले असेल, तर नारळाने काहीच भर घातलेली नाही. महाराष्ट्राचा बराचसा भूभाग बेसॉल्ट खडकाचा आहे आणि त्यात पाणी झिजलेल्या, सांधे-भेगा असलेल्या थरांत साठते. ओढ्याकाठच्या सखल शिवारात असे थर अनेक जागी सापडतात, तर माथ्यावर फार थोड्या. पाणाडी यांचे यश मोजण्याआधी त्या जमिनीचे स्वतःचे यश मोजावे लागते.

रिकामी घरे नीट भरली तर काय दिसते, याचे एक चांगले उदाहरण पुण्यातले आहे. जन्मपत्रिकेवरून बुद्धिमत्ता ओळखता येते हा दावा तपासण्यासाठी २००८ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह, एक चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका तयार करण्यात आल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पत्रिका देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच विचारले होते. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांची अचूकता सरासरी ४६ टक्के भरली. एका ज्योतिषसंस्थेने सर्व २०० पत्रिका पाहिल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी निम्मी बरोबर येतात. या चाचणीचे बळ तिच्या रचनेत होते: बरोबर आलेली आणि चुकलेली, दोन्ही प्रकारची उत्तरे आधीपासून मोजणीत होती आणि चुकलेली विसरून जायला कुणालाच वाव नव्हता.

सातवी पायरी: कोणत्या घटनेने दावा खोटा ठरेल, ते आधीच विचारा

पाणी लागले नाही तर "अजून पन्नास फूट जायला हवे होते" किंवा "गाडीवाल्याने फुलीपासून हातभर बाजूला घेतले" अशी उत्तरे मिळतात. एखाद्या वेळी ती खरीही असतील. पण प्रत्येक अपयशाला जागेवर नवे कारण तयार होत असेल, तर त्या दाव्याने आपल्याला काहीच सांगितलेले नसते. म्हणून खोदण्यापूर्वीच विचारावे: किती फुटांपर्यंत पाणी न लागल्यास जागा चुकली असे मानायचे? उत्तर लिहून ठेवावे. "मग हे खोटे आहे असे तुम्हीच सिद्ध करा" असे कुणी म्हटले, तर दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यायचा असतो हे शांतपणे सांगावे.

उरलेले काही दोष थोडक्यात सांगतो. "आमच्या बाजूने नसाल तर विरोधात आहात" यात तिसरा पर्याय दडवलेला असतो. "आज अर्धा तास उशीर चालवून घेतला तर उद्या कुणीच कामावर येणार नाही" यात मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात, त्या एकेक करून विचाराव्यात. "हे खरे आहे कारण त्या माणसाने सांगितले, आणि तो खरा आहे कारण तो असे खरे सांगतो" याला अन्योन्याश्रय म्हणतात. दोन दारुडे एकमेकांच्या आधाराने उभे असावेत तसा हा प्रकार असतो.

आठवी पायरी: दोष सापडल्यावर काय करायचे

पहिली गोष्ट अशी की, युक्तिवाद सदोष निघाला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला असे नाही. करंजाच्या झाडाजवळ पाणी होतेच. दोष सापडल्याने एवढेच कळते की या कारणावर हा निष्कर्ष उभा राहत नाही; त्याला दुसरा आधार आहे का, ते वेगळे शोधावे लागते.

दुसरी गोष्ट, संवाद कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे. न्यायसूत्रांत वाद म्हणजे सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा, जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली आणि वितंडा म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचा खोडत राहणे. आज वितंडवाद हा शब्द आपण कोणत्याही निरर्थक भांडणाला वापरतो, पण मूळ अर्थ अधिक नेमका आणि अधिक कामाचा आहे. जल्पात आणि वितंडेत दोष दाखवून काही हाती लागत नाही; तिथे वही मिटवावी. वाद करू इच्छिणाऱ्या माणसासमोरही दोषाचे नाव घेऊ नये, प्रश्न विचारावा. आणि आठवड्यातून एकदा तरी स्वतःचे एखादे ठाम मत त्याच चार घरांत मांडून पाहावे. तिथे घरे भरताना हात किती जड होतो हे अनुभवल्याशिवाय दुसऱ्याची अडचण कळत नाही.

तात्यांशी मी या विषयावर कधी वाद घातला नव्हता. मागच्या दिवाळीत वही घेऊन त्यांच्याजवळ बसलो आणि म्हटले, "तात्या, आपल्या भावकीत आजवर घेतलेले सगळे बोअर मला सांगा, मी नुसते लिहून घेतो." त्यांनी करंजाजवळचा सांगितला, मग थोरल्या काकांच्या उसातला, मग वस्तीवरचा. तिथे थांबले, अडकित्त्याने सुपारी कातरत बराच वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "खालच्या पट्टीतलाही लिही. तो कोरडा गेला होता. तिथेसुद्धा नारळ उभा राहिला होता रे."